ट्रॉलीचे दिवे सरकारांनी कसे पाहिले

“जीपला एकसुद्धा नवं भोक पाडायचं नाही! आणि ट्रॉलीचे मागचे दिवे लागलेले मला माझ्या डोळ्यांनी दिसले पाहिजेत. स्टिअरिंगवर बसून, मान न वळवता!”

बाजीसाहेब सरकारांनी फर्मान सोडलं आणि हौसा हातातली पक्कड तशीच धरून उभी राहिली.

संस्थान खालसा होऊन वर्षं लोटली होती, पण सरकारांचा हट्ट काही खालसा झाला नव्हता. दरवर्षी ते चांदणी घोडीला ट्रॉलीत चढवायचे, ट्रॉली जीपला जोडायचे आणि स्वतः चालवत खैराळ्याच्या घोडेबाजाराला जायचे. गेल्या साली घाटात आक्रीत घडलं. सरकारांनी उजवीकडे वळायचा सिग्नल दिला, तरी मागची बस उजवीकडूनच घुसली. घोडी वाचली ती नशिबानं! सरकारांनी बसवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तो उलट ओरडला, “आधी तुमच्या ट्रॉलीचे दिवे बघा!”

जीपचा ड्रायव्हर रंगराव. ट्रॉलीची वायरिंग त्यानंच केली होती आणि जीपच्या वायरींना ट्रॉलीच्या वायरी नुसत्या हातानं पिळून जोडल्या होत्या. तो आईची शपथ घेऊन सांगत होता, “दिवे लागत होते, सरकार!” तेव्हापासून सरकारांचा कुणाच्याच शब्दावर भरवसा उरला नव्हता. म्हणून यंदा त्यांनी हौसाला बोलावलं. वाड्याच्या कुंपणाला लागून, सरकारांच्याच जागेत, तिची टपरी होती. बापाची नजर अधू झाल्यापासून गाड्यांची वायरिंग तीच करायची.

“सरकार, आरशात बघून चालंल?” हौसानं विचारलं.

“आरसा? आरशात डाव्याचं उजवं दिसतं! आरशावर माझा विश्वास नाही.”

“मग दुसरं कुणी मागं हुबं राहून...”

“दुसऱ्यावर तर मुळीच नाही! जमलं तर टपरीची जागा कायमची तुझी. नाही जमलं, तर टपरी उचलायची!”

रंगराव मिशीत हसला. “पोरी, ड्रायव्हर तोंड पुढं करून बसतो. मागचे दिवे त्याला दिसायला डोळे मागं लागतात!”

टपरी गेली तर बापाला घेऊन जायचं कुठं? पण तोंडावर तिनं काही दिसू दिलं नाही. “सांजच्याला या, सरकार,” एवढंच म्हणाली आणि जीपखाली शिरली.

जीपला मागे ट्रॉली ओढायचा हूक होता. त्या हुकाच्या लोखंडी पट्टीला एक भोक आधीचंच होतं. हौसानं पत्र्याचा एक तुकडा त्या भोकात बोल्टानं आवळला आणि त्यावर सॉकेट बसवलं. जीपच्या मागच्या दिव्यांच्या वायरींना नव्या वायरी जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली, आणि त्या खालून सॉकेटपर्यंत आणल्या. ट्रॉलीच्या वायरींना पिन लावली. जीपला ओरखडासुद्धा नाही! पुढं मात्र तिनं जे केलं, ते बघून रंगरावनं कपाळावर हात मारला.

संध्याकाळी सरकार आले आणि पाहतात तो काय? ट्रॉली जीपच्या मागे नव्हतीच! ती उभी होती जीपच्या पुढे, शेपटी सरकारांकडे करून! सॉकेटमधून एक लांबलचक वायर जीपच्या पोटाखालून पुढे ट्रॉलीपर्यंत गेली होती.

“हा काय पोरखेळ?” सरकार गरजले. “ट्रॉली पुढे?”

“सरकार म्हणाले, मान वळवायची न्हाई. म्हणून मी ट्रॉली वळवली!” हौसा म्हणाली. “ट्रॉली मागंच पायजे, असं सरकार कुठं म्हणाले?”

सरकार तरातरा जाऊन स्टिअरिंगवर बसले. ब्रेक दाबला. समोर दोन्ही तांबडे दिवे लखलखले! सरकारांचे डोळेही लखलखले. मग त्यांनी उजवा सिग्नल दिला.

ट्रॉलीचा डावा दिवा मिचमिचू लागला!

“फसली!” रंगराव टाळी पिटत ओरडला. “सरकार, उलटं जोडलं हिनं! उचला टपरी!”

हौसाचा चेहरा पडला. पण घटकाभरच. तिनं सॉकेट पाहिलं, बरोबर होतं. पिन पाहिली, तीही बरोबर. मग ट्रॉलीच्या दिव्याचं झाकण उघडलं आणि हसून वळली.

“रंगूकाका, ह्या वायरी कुणी जोडल्या?”

“मीच की! गेल्या साली!”

“म्हंजे सरकारांनी उजवा दाखवला, तवा बसवाल्याला डावा दिसला. मग तो बिचारा उजवीकडनं न्हाई येणार, तर काय डोंगरावरनं येणार?”

रंगरावची टाळी हवेतच राहिली. “पण... दिवे लागत होते ना?”

“लागत व्हते की! निस्ते दिशा चुकले व्हते.”

हौसानं दोन वायरींची अदलाबदल केली. सरकारांनी उजवा दिला, उजवा लागला. डावा दिला, डावा लागला! आणि मग सरकार जे हसू लागले, ते पोट धरधरून. “अरे, म्हणजे त्या बसवाल्याच्या सात पिढ्या मी फुकटच उद्धरल्या! हौसा, टपरीची जागा तुझी. वर आणखी काय हवं, ते माग!”

“खैराळ्यापातुर जीप मला चालवू द्या.”

“चालवता येते?”

“चालवून बघितल्याबिगर मी गिऱ्हाइकाला गाडी देतच न्हाई!”

“आणि मी काय करू?”

“सरकारांनी ऐटीत चांदणीवर बसावं आन् ट्रॉलीच्या मागनं यावं. सगळी वाट दिवेच दिवे! मान वळवायला नगं, आरसा नगं, आन् कुणाच्या शब्दावर भरवसासुद्धा नगं!”

सरकार इतक्या जोरात हसले की पागेतली चांदणीसुद्धा फुरफुरली. डोळे पुसत त्यांनी खिशातून जीपची चावी काढली आणि हौसाच्या ओंजळीत टाकली.

“रंगराव,” ते म्हणाले, “घोडीवर खोगीर चढव!”