फिर्यादीचा फाटका नगारा

जुन्या कचेरीच्या दारात जो नगारा दिसतो, त्याला कातडे नाही. नुसती लाकडी पोकळी. समोर दगडी कमान, तिच्यावर चारच अक्षरे, त्यांचा अर्थ 'पितृभक्त कन्या'. चीनमधल्या या नदीकाठच्या लिनशी गावात पाहुणे आले की वेई आजोबा त्यांना आधी इथे आणतात, आणि कमानीकडे पाठ करून ही हकिकत सांगतात.

बादशाही अमलातली गोष्ट. गावात रुईझेन नावाची मुलगी होती. तिच्या बापाने देवळातली बादशाही पूजेची धूपदाणी चोरली आणि बोभाटा झाल्यावर पेंग नावाड्याच्या होडीत लपवली. पकडला गेला बिचारा पेंग. शिक्षा एकच, मान उडवायची. रुईझेनने सगळे डोळ्यांनी पाहिले होते. आई गेल्यापासून या पेंगकाकांनीच तिला कधी उपाशी झोपू दिले नव्हते, म्हणे. तिने बापाला हात जोडून विनवले. बापाने भिंतीकडे तोंड केले.

आता कायदा ऐका. कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर उभा कायदा तो. लेकराने बापाचा गुन्हा झाकायचा, हाच धर्म. उघड केला, तर तो अगदी खरा असला तरी शिक्षा लेकराला. आणि बापाने स्वतःच कबुली दिली असे धरून त्याला माफी. पोरीला वाटले, मग तर बरेच झाले! काका सुटतील, बाबाही सुटतील. भोगायचे ते मी एकटीने. तिने कचेरीत जाऊन, फिर्याद मांडणाऱ्याने आधी वाजवायचा तो नगारा बडवला.

"मायबाप, धूपदाणी माझ्या बाबांनी..."

"गप्प!" न्यायाधिकारी ओरडला. वाईट नव्हता हो तो, तेच तर दुःख आहे. पोथ्या कोळून प्यालेला भला माणूस, घरी हिच्याच वयाची लेक. या पोरीला फटके मारून हद्दपार करायचे त्याच्या जिवावर आले. "पोरी, तू काही बोलली नाहीस, मी काही ऐकले नाही. घरी जा, बापाची सेवा कर."

"आणि पेंगकाका?"

त्याने मान फिरवली. मग शिपायाकडून नगाऱ्याचे कातडे फाडून घेतले, म्हणजे तो वाजलाच नाही असे म्हणता यावे. पेंगला नदीकाठी मारले. शेवटपर्यंत तो गर्दीत रुईझेनलाच शोधत होता, असे सांगतात.

पुढे ही कमान उभी राहिली, बापाची अब्रू राखून गप्प बसलेल्या लेकीसाठी. रुईझेनला नटवून कमानीखालून चालवले. बाप पुढे होता. त्या दिवसानंतर ती कुणाशी बोलली नाही. बाप मरेपर्यंत त्याला दोन वेळा वाढत मात्र राहिली.

नगाऱ्यावर किती कातडी चढवली, एकही टिकले नाही, म्हणे. आजही सासरी निघालेली मुलगी कमानीखालून जात नाही. वळसा घालून नगाऱ्यापाशी येते आणि जिथे कातडे असायला हवे, तिथे एक थाप मारते. हात आत जातो, आवाज होत नाही. शेजारी उभा असलेला बाप म्हणतो, "चल पोरी, उशीर होतोय."