पत्रावळींचा डोंगर

एका राज्यात सोमकेत नावाचा राजा होता. राजा दिलदार, पण नाक फार वर. एकदा शेजारचा राजा जेवायला आला आणि वाड्यामागे उष्ट्या पत्रावळींच्या ढिगात वळवळणारे किडे पाहून हसला. सोमकेताला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्याने दरबारच्या मांत्रिकाला आज्ञा केली, "माझ्या राज्यात यापुढे काहीही सडू नये."

"महाराज, विचार करावा."

"केला."

कसला करतोय! मंत्र पडला. गळलेली पाने तशीच राहिली, मेलेली गुरे तशीच पडली, पत्रावळींचा ढीग सज्जाला टेकला. सडेना म्हणून खत होईना, खताविना माती उपाशी, आणि उपाशी माती पिकणार काय? तिसऱ्या वर्षी युवराजाच्या उष्टावणाला राज्यात भाताचे शीत मिळेना. राणीने रिकामी वाटी राजापुढे ठेवली.

मांत्रिक म्हणाला, "ज्यांना आपण घाण समजलात, त्या गिधाड, गांडूळ आणि अळंबे या तिघांनी क्षमा केली तरच मंत्र सुटेल."

राजा अनवाणी निघाला. गिधाड म्हणाले, "मेलेले खाऊन आम्ही रोगराई अडवतो. मेलेला बैल वेशीबाहेर स्वतः ओढून ने." राजाने ओढला. प्रजा बघत होती, आणि राजाला मान वर करवेना.

गांडूळ म्हणाले, "पालापाचोळा खाऊन आम्ही माती भुसभुशीत करतो. तो ढीग हातांनी उपस." राजाने पत्रावळी उपसून शेतात पसरल्या.

शेवटी ओंडक्यावरचे अळंबे म्हणाले, "मेलेल्याचा कस आम्ही मातीला परत देतो. याला विघटन म्हणतात. तोच कस रोपात जातो, रोपातून तुझ्या ताटात. तू मेल्यावर कुठे जाणार?"

"कुळाच्या रीतीने, दगडी घुमटात."

"म्हणजे आयुष्यभर मातीचे खाऊन तिला काहीच देणार नाहीस."

राजा शरमेने लाल झाला. हात जोडून म्हणाला, "चूक झाली. मेल्यावर मला उघड्या मातीत पुरतील. वर दगड नको."

त्याच क्षणी राज्यभर कुजकट वास सुटला. लोक नाकाला पदर न लावता दारात उभे राहिले, कित्येकांना रडू आले.

पुढच्या सुगीला युवराजाने भात खाल्ला. राजाने शेतात आपल्याला पुरायची जागा आखली आणि मुलाला म्हणाला, "इथे भात चांगला येईल."