वेळखारचा अळणी शुक्रवार

वेळखार गावाच्या तीन बाजूंना मिठागरे आहेत आणि चौथ्या बाजूला काळ्या दगडाची एक बुटकी टेकडी. टेकडीत एक गुहा आहे. आत शिरायचे तर मामलेदारालाही ओणवे व्हावे लागते. गाव वर्षानुवर्षे मीठ पिकवते, पण ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला तिसरा शुक्रवार आला की गावातल्या एकाही हंडीत मिठाचा खडा पडत नाही. पाहुणे पहिला घास घेतात आणि सुगरणीकडे संशयाने पाहतात. मग चर्चची घंटा चाळीस वर्षे वाजवलेले बस्त्यावकाका त्यांना टेकडीच्या पायथ्याशी नेऊन बसवतात. गोष्ट कोणत्या सनातली, असे कोणी विचारले तर म्हणतात, "तेव्हा सन नव्हते. माणसे होती."

असे सांगतात, की पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी पश्चिमेच्या एका गलबताने बारसबा नावाचा संन्यासी इथे उतरवला. उतरवला म्हणजे टाकला. तापाने फणफणलेला साधू जहाजावर कोणाला नको होता. तो बरा झाला आणि दिवसातून एकदा अळणी पेज पिऊन, आपल्या येशूचे नाव घेत गुहेत राहिला. गावाने त्याला निरुपद्रवी ठरवले आणि विसरून गेले.

पुढे देवीची साथ आली. जायतू मिठागऱ्याची बायको आजारी पडली, तेव्हा जायतू इतरांबरोबर बांधापलीकडे पळाला. आईपाशी राहिली ती लेक, पोवळी. आणि टेकडीवरून उतरून आला तो बारसबा. त्याने रोगिणीला धुतले, पाणी पाजले आणि शेवटी मातीही दिली. बारा दिवसांनी जायतू परतला तेव्हा घर सारवलेले होते. लेक त्याला लागेल असे एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते, असे त्याला जन्मभर वाटले, म्हणे.

त्याच वर्षी पोवळीने खाडीच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला. "ज्या देवानं ह्याला पळू दिलं नाही, तो माझा," एवढेच ती म्हणाली. बारसबाने तिला मार्ता हे नाव दिले, गुहा दिली आणि स्वतः खाली झावळ्यांची खोप बांधली. देवासाठी सोडावे असे तिच्याकडे सोनेनाणे नव्हते. होते ते मीठ. ते तिने जन्माचे सोडले.

"जायतू, मिठागऱ्याची पोर अळणी!" गावचा म्हातारा पदू बांधावरून ओरडे. "उद्या कोळ्याचा पोर म्हणेल, मी पाण्याला शिवत नाही!"

जायतू हसण्यावारी नेई. पण रोज दुपारी पेजेची लोटी घेऊन टेकडी चढे. त्याला एकच हवे होते, पोवळीने घरी यावे. तिचे नवे नाव मात्र त्याच्या तोंडून निघत नसे.

तोड पदूनेच काढली. "बाईचं व्रत मोडलं की बाई मोकळी. आपल्यात असंच आहे." आपल्यात असंच आहे, हे पटायला माणसाला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी जायतूने पेजेत मीठ टाकले. तेही किती, तर मिठागऱ्याच्याच जिभेला उमगावे एवढे. ती मिठागऱ्याचीच लेक आहे, हे तेवढे हा शहाणा विसरला.

पहिला घोट घेऊन ती थांबली. बापाकडे पाहिले आणि लोटी रिकामी केली.

"चल आता घरी, पोवळे. व्रत मोडलं. मीठ होतं त्यात."

"पहिल्याच घोटाला कळलं, बा."

"मग प्यालीस कशाला?"

"तू आणलीस म्हणून."

ती घरी आली नाही. मोडलेले व्रत पुन्हा पहिल्यापासून धरायचे, एवढेच तिला ठाऊक होते. चाळीस दिवस नुसते पाणी, असा तिने नेम केला. "तोवर काही आणू नकोस, बा." इतके नको, दहा दिवस पुरेत, असे बारसबाने विनवले, पण चेला गुरूहून कडक निघाला की गुरूचे काही चालत नाही. जायतू पायथ्याशी बसून राहिला. या खेपेस तो पळाला नाही. ऊन चढले, सगळ्यांच्या खाचरांत मीठ धरले. त्याच्या खाचरात पाणी आटे आणि खाली नुसता चिखल उरे. बांध फुटला होता, असे काही जण म्हणतात. गावात असे काही जण असतातच.

चाळिसाव्या दिवशी सकाळी तो पेज घेऊन वर गेला. ती भिंतीला टेकून होती. डोळे उघडे, ओठ चिरलेले. त्याने तिच्यासमोर लोटी तोंडाला लावली, एक घोट गिळला.

"अळणी आहे गं, मार्ता. मी पाहिली."

तिने एक घोट घेतला. दुसरा ओठांच्या कडेने ओघळला.

तो उपासाच्या दिवसांतला तिसरा शुक्रवार होता. लेकीला माती दिल्यावर जायतूने पुढे बारसबाकडून बाप्तिस्मा घेतला. मरेपर्यंत त्याने मीठ पिकवले आणि चाखले मात्र कधीच नाही, असे सांगतात.

आजही त्या शुक्रवारी वेळखारच्या लेकी सासरहून माहेरी येतात. पेज बापाने वाढायची असते, आणि पहिला घोट त्यानेच घ्यायचा. बाप कितीही तालेवार असो, लेक त्याच्या गळ्याकडे टक लावून पाहते. घोट खाली उतरला, की मगच हात पुढे करते.