भोपळ्यातलं नाव

"पण चाचा, डबा उघडायचाच कशाला?" हेरंबने विचारलं.

दस्तगीरचाचा मिरजेत सतारी घडवतात. हेरंब सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला, मग पुण्याला जाऊन इंजिनिअर झाला. आज तो स्वतः बनवलेला इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा घेऊन आला होता. तारा नाहीत, भोपळा नाही. फोनवरून सूर लावायचा. डब्यावर त्याला चाचांचं नाव हवं होतं. त्या नावाशिवाय एकही गवई डब्याला हात लावायला तयार नव्हता.

चाचांनी आपला बटणांचा फोन पुढे केला. "लाव सूर."

"यावर नाही चालायचा. तीस हजारांचा तरी लागेल."

"म्हंजे घोड्यापरीस नाल महाग!" चाचा हसले. "आतलं कुणी केलं?"

"आत लिनक्स आहे, संगणकाचं सॉफ्टवेअर. जगभरच्या हजारो लोकांनी मिळून लिहिलं आणि वाटून टाकलं. कुणीही उघडावं, सुधारावं, पुढे द्यावं."

"मग तुझा डबा उघडून दाव."

"तो... चिकटवलाय. उघडला की कायमचा बंद पडतो. मीच तशी सोय केलीय." हेरंबच्या आवाजात अभिमान होता. "बिघडला तर नवा घ्यायचा."

चाचांच्या मांडीवर एक जुनी सतार होती, दुरुस्तीसाठी तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, काढलेली. त्यांनी उघडा भोपळा उजेडाकडे वळवला.

आत तीन नावं होती. पहिलं चाचांच्या आजोबांचं. दुसरं कुणा बंगाली कारागिराचं, तिसरं धारवाडच्या कुणाचं. ज्याने ज्याने सतार उघडून नीट केली, त्याने आत नाव लिहून तबली पुन्हा बसवली होती. या घराण्यात बाहेर नाव घालायची रीतच नाही. हेरंबला हे ठाऊक होतं. शिकून शहाणा झाला आणि विसरला.

चाचांनी खाली आपलं नाव लिहिलं. फुंकर घालून शाई वाळवली.

"चाचा... नाव द्याल ना?" आता त्याचा आवाज उतरला होता.

"दिलं की. माझाच पोरगा हायस तू."

हेरंबला भरून आलं. "कुठं घालू? वर, मधोमध?"

"आत."

"आत? पण मग... दिसणार कुणाला?"

चाचांनी तबली उचलली, जागेवर ठेवली.

"जो उघडंल, त्याला."