पोत्याच्या तळाची ज्वारी

एकदा एक धान्याचे व्यापारी पेढ्यांचा पुडा घेऊन आपल्या वृद्ध गुरुजींच्या मठात आले. त्यांचे नाव गुरलिंगअप्पा. स्वारी भलतीच खुशीत होती.

"गुरुजी, तोंड गोड करा! रक्त तपासलं. एकूण कोलेस्टेरॉल एकशे ब्याण्णव. दोनशेच्या आत! रिपोर्ट लॅमिनेट करून दुकानात टांगलाय. डॉक्टरांची उद्याची वेळपण रद्द केली."

"आणि खालच्या ओळी काय म्हणतात?"

"खाली कोण बघतंय हो! एकूण आकडा बसला, विषय संपला."

गुरुजींनी पेढा खाल्ला, पण त्यांच्या मनात चर्र झाले. अप्पांचे वडील असेच हसतेखेळते असताना, त्रेपन्नाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने गेले होते. अप्पांना आता एक्कावन्नावे लागले होते.

अप्पा गेल्यावर गुरुजींनी निरंजन नावाच्या शिष्याला कोठारातले किडलेल्या ज्वारीचे पोते काढायला सांगितले आणि स्वहस्ते त्यावर चार ओंजळी टपोरी ज्वारी पसरली. निरंजन पाहतच राहिला. गुरुजी आणि लबाडी? पण विचारायची छाती होईना. पोते हातगाडीवर चढवून त्याने ती गुरुजींच्या मागोमाग अप्पांच्या दुकानापर्यंत ढकलली.

"अप्पा, माल घ्या. वरून बघा आणि सांगा, कसा आहे?"

"वरून?" अप्पा खो खो हसले. "गुरुजी, तीस वर्षं धंद्यात आहे मी!" त्यांनी पोकळ लोखंडी सळई पोत्यात तळापर्यंत खुपसली आणि बाहेर काढून तळहातावर रिकामी केली. भुसा, खडे, किडे! अप्पांचा चेहरा पडला. "अहो गुरुजी, तुम्हीसुद्धा?"

गुरुजींनी खिळ्यावरचा रिपोर्ट काढून त्यांच्या हाती दिला. "आता तीच सळई इथे खुपसा. तळापर्यंत."

अप्पा चष्मा लावून वाचू लागले. "वाईट कोलेस्टेरॉल एकशे चौतीस... पुढे 'जास्त' लिहिलंय. चांगलं एकतीस... 'कमी'." त्यांचा आवाज खाली आला.

गुरुजी म्हणाले, "अप्पा, एकूण आकड्यात दोन्ही धरलेली असतात. वाईट कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांत साचतं, चांगलं ते माघारी नेतं. तुमचं चांगलं कोलेस्टेरॉलच कमी, म्हणून बेरीज लहान दिसली. मी काही वैद्य नव्हे. तुमचं वय, रक्तदाब, वडिलांचं जाणं, हे सगळं जोडून त्याचा अर्थ डॉक्टरच लावतील. परक्याचं पोतं तुम्ही तळापर्यंत तपासता. स्वतःच्या काळजाचं मात्र वरूनच पाहून मोकळे झालात."

अप्पा खाली बसले. "बाबांच्या वेळी कुणी बघितलंच नाही हो," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मग घाबरून त्यांनी विचारले, "म्हणजे माझं पोतं वाया गेलं म्हणायचं?"

"कीड लागली म्हणून तुम्ही पोतं फेकता का?"

"छे! ऊन दाखवायचं, चाळायचं, निवडायचं. वेळेवर कळलं तर बराच माल वाचतो."

स्वतःचेच उत्तर ऐकून अप्पांना हसू फुटले. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "डॉक्टरसाहेब, उद्याची वेळ परत द्या. चालतच येतो. आणि हो, रिपोर्ट पूर्ण वाचून येतो."

निरंजनाने ओशाळून गुरुजींच्या पायांना हात लावला, आणि किडलेल्या ज्वारीची हातगाडी वळवून तो मठाच्या अंगणातल्या उन्हाकडे निघाला.