कुकरबाईने शिट्टी उतरवली

भांडी बोलायची त्या काळात एका कुकरबाईने जाहीर केलं, “आज मी चॉकलेट चिप कुकीज भाजणार.”

कढई फिदीफिदी हसली. “अगं, त्याला ओव्हन लागतो! तू आपला वरणभात शिजव. जळलीस तर भंगारात जाशील.”

“जाईन. पण तुझी परवानगी मागणार नाही.”

कुकरबाईने शिट्टी उतरवली, झाकणाचं रबर काढलं, तळाला मीठ पसरलं आणि कुकीजची ताटली पोटात घेतली.

“शिट्टीशिवाय तुला कोण विचारणार?” तवा गुरगुरला.

“जन्मभर शिट्ट्या मारल्या, तेव्हा कोणी विचारलं रे?”

मंद आचेवर ती गप्प बसून राहिली. दरवळ सुटला, तशी पोरं खेळ टाकून धावत आली आणि खुसखुशीत कुकीजवर तुटून पडली.

कढईने हळूच विचारलं, “आणि आजचं वरण?”

“तू आहेस की रिकामी,” कुकरबाई म्हणाली.