पट्टा शाबूत, झाड शाबूत

त्या राज्यात ज्या झाडाला गेरूचा पट्टा, ते झाड सरकारी. आणि पट्टा शाबूत म्हणजे झाड शाबूत, असा कायदा होता. दरसाल माकडं यायची, गेरू फासायची आणि झाड धडधाकट असल्याचा दाखला देऊन जायची. खोडाला कान लावून बघायची रीतच नव्हती.

टकऱ्या सुतारपक्ष्याने मात्र कान लावला. ज्या वडाच्या ढोलीत त्याचं घर होतं, त्याच्या पोटात वाळवी करकरत होती. त्याने पट्ट्यात बोटभर भोक पाडलं, वाळवीचे चार किडे ओढून काढले आणि मोठ्या हौसेने चौकीवर दाखवायला नेले. झालं! चौकीवरच्या कोल्ह्याने किडे चाटून टाकले आणि टकऱ्यावर सरकारी मालमत्तेच्या नासधुशीचा गुन्हा लावला. शिक्षा एकच, चोच छाटायची. ढोलीत पंख न फुटलेली दोन पिल्लं होती, आणि बापाची चोच हीच त्यांची चूल.

त्याची वकील साळुंकी. चोच चुकून लागली म्हण, पाया पड, सुटशील, असं तिने परोपरीने सांगितलं. टकऱ्या ऐकेल तर शपथ! खोड पोकळ आहे, हे त्याचं एकच पालुपद.

दरबार त्याच वडाखाली भरला. न्यायाधीश रानरेडा खोडाला पाठ टेकून बसला. ज्याच्या सावलीत बसायचं त्यालाच भोक पाडतो मेला, म्हणत येणारा-जाणारा टकऱ्यावर थुंकत होता.

साळुंकी म्हणाली, "महाराज, हातच्या काकणाला आरसा कशाला? खोड फोडून बघा."

रेड्याने रवंथ थांबवलं. "म्हणजे गुन्हा बघायला आम्ही गुन्हा करायचा? सरकारी झाड फोडायला सांगितलं म्हणून वकिलाचंही नाव लिहून घ्या."

टकऱ्याची चोच तिथेच, सगळ्यांदेखत छाटली.

मग माकड भोक बुजवायला आलं. त्याने मातीचा गोळा दाबला, तो आत पडला. दुसरा दाबला, तोही पडला. शेवटी त्याने वर एक पान चिकटवलं, त्यावर गेरू फासला आणि दाखला दिला.

टकऱ्याने पिल्लांना पाठीवर घेतलं आणि सावली सोडून लांब, रखरखीत उन्हात जाऊन बसला. लाजला बिचारा, म्हणून सगळे हसले.

रेड्याच्या शिंगांवर वरून बारीक पिवळा भुसा पडू लागला. त्याने मान झटकली, खोडाला पाठ आणखी रेलून टेकवली आणि पुढचा खटला पुकारला.